गाठ फुटली त्या दिवशी

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनी मिळून केलं ते माझा डोळा शेकणं. त्यातही भांडण होतंच. ती पातेल्यात पाणी तापवून आणायची, जुन्या पातळाचा धुतलेला तुकडा त्यात बुडवून पिळायची, स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग माझ्या उजव्या पापणीवर ठेवायची. ठेवायची म्हणजे थापायची, भाकरी थापतात तशी. मी ओरडलो की म्हणायची, "गप बसा. बाळंतीण एवढी बोंबलत नाय." त्या सकाळी फडकं जास्त गरम होतं. मी तिचा हात झटकला, पाणी तिच्या पायावर सांडलं. ती म्हणाली, "भाजला तर भाजू दे तो डोळा. उघडा होता तेव्हा काय मोठं बघितलंत?" आणि पुन्हा फडकं बुडवलं, पुन्हा गालाला लावलं, पुन्हा थापलं. निवेपर्यंत धरून बसली.

शेकलं की थोडा वेळ पापणी सैल व्हायची, बारीक फट पडायची, तेवढ्यातून दिसायचं. त्या सकाळी मी रागाने डोळा उघडला नाही. ती पातेलं घेऊन उठली, सूप काढलं आणि भात पाखडायला अंगणात गेली.

मला डोळा एकच, हे आधी सांगायला हवं. लहानपणी राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन पेरणीआधी जाळायला, झाडावर चढून डहाळ्या तोडत होतो, एक फांदी उलटी आली ती डाव्या डोळ्यात. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्यावर सगळा संसार झाला. कापडे गावातल्या जमिनीच्या दोन तुकड्यांत भात लावलं, मुलगा वाढवला, बायको सांभाळली. ती म्हणायची, मी तुम्हाला सांभाळलं. असेल.

उजव्याच्या वरच्या पापणीत पावसाळ्यात एक गाठ आली. तुरीच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, लाल नव्हती. बोट लावलं की कातडीखाली घरंगळायची. न दुखणाऱ्या गोष्टीकडे आमच्यात कोणी बघत नाही. मला उलट तिच्याशी खेळायची सवय लागली. बांधावर बसलो की बोट गाठीवर. मातीचा हात, शेणाचा हात, तंबाखूचा हात, तसाच. मग मळणी आली. भाताचा तूस डोळ्यात जातो, डोळा खाजतो, माणूस चोळतो. एका सकाळी उठलो तर पापणी ठणकत होती. दोन दिवसांत पिकलेल्या जांभळासारखी सुजली आणि डोळा मिटला तो मिटलाच. खालून वर बघायचं म्हटलं तरी फट नाही.

वाडीतल्या बायका बघून गेल्या. सगळ्या म्हणाल्या रांजणवाडी. एकीने लवंग उगाळून लावायला सांगितली, दुसरीने खारकेची बी, तिसरीने लसूण चोळायला. हिने तिन्ही केलं. लसणीने तर डोळ्यातून जाळ निघाला आणि मी आंधळ्या बैलासारखा अंगणात फिरलो. शेजारची म्हातारी भिंतीपलीकडून हसत होती. आमच्याकडे म्हणतात, लपून कोणाचं बघू नये ते बघितलं की डोळ्याला रांजणवाडी येते. म्हातारी म्हणाली, "ह्या वयात कोणाचं बघितलंस रे?" मी काही बोलायच्या आधी हिने उत्तर दिलं, "त्यांना दिसत असतं तर मला केली असती का?" त्यावर दोघी हसल्या. मला राग आला, पण मी पण हसलो असेन. आता नक्की आठवत नाही.

मग ही मला महाडला घेऊन गेली. एसटीने पोलादपूर, तिथून दुसरी गाडी. सगळा रस्ता तिने माझं मनगट धरलं होतं, चोर पकडून नेतात तसं. डोळ्यांची डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने आधी लवंग-लसणीचं विचारून घेतलं आणि दोघांना झापलं. मग नीट समजावलं. म्हणाली, पापणीवर दोन तऱ्हेच्या गाठी येतात. रांजणवाडी येते ती कडेला, केसाच्या मुळाशी. लाल होते, दुखते, पिवळं तोंड धरते, चार-आठ दिवसांत फुटून जाते. तिच्यात घाण शिरलेली असते. दुसरी येते पापणीच्या आत. तिथे तेलाच्या बारीक नळ्या असतात, त्यातलं एखादं तोंड बुजलं की तेल आत साठतं आणि गाठ होते. ती दुखत नाही, महिनोन् महिने तशीच बसते. मोठी झाली तर बुबुळावर दाब येतो, धुरकट दिसतं. तुमची ही दुसरी होती, तुम्ही घाण हाताने चोळून चोळून तिच्यात पू केलात.

तेल म्हणजे कसलं, हिने विचारलं. डॉक्टरीण म्हणाली, थंडीत डब्यात तूप थिजतं ना, तसं ते थिजतं, गरम शेकलं की पातळ होऊन वाट काढतं. ही म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या डोळ्यात तूप हाय आणि माझा डबा रिकामा." डॉक्टरीण हसली. मग साखर तपासायला सांगितली, कारण साखर असली की ह्या गाठी फिरून फिरून येतात. त्यावर पण ही गप्प बसली नाही. "जिभेवर आजवर आली नाय ती रगतात कुठून येणार?"

औषध दिलं. गोळ्या, मलम, आणि दिवसातून चार वेळा स्वच्छ फडक्याने गरम शेक. पापण्यांची मुळं रोज पुसायची. पिळायची नाही, टोचायची नाही. आठवडाभरात बसली नाही तर पापणी उलटी करून आतून चिरून काढते म्हणाली. आणि एक सांगितलं: म्हाताऱ्या माणसाला त्याच जागी गाठ परत परत आली, तिथले पापणीचे केस गळले, तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागतो, कधी कधी ते वाईट दुखणं निघतं. हिने सरळ विचारलं, "म्हणजे हे मरतील?" डॉक्टरीण म्हणाली, नाही हो आजी, ह्यांचं तसं दिसत नाही. ही म्हणाली, "बघा हं. मला तयारीला वेळ हवा."

तर त्या सकाळी शेकून झालं आणि मी ओट्यावर बसलो. अंगणात सुपाचा आवाज चालला होता. मग तो थांबला. मला वाटलं वारा पडला, वाऱ्याची वाट बघत असेल. थोड्या वेळाने मी विचारलं, "का गो थांबलीस?" उत्तर नाही. मला वाटलं सकाळचा राग. मी पण मग गप्प राहिलो. तोंड धरून बसायचं म्हटलं तर आम्ही दोघं दुपारपर्यंत बसू शकायचो. पण कोंबड्या भातावर आल्या. टोचण्याचा आवाज स्पष्ट आला. ती अंगणात असताना कोंबडीची ती छाती नव्हती. मी उठलो, भिंत चाचपत उतरलो, आणि चार पावलं टाकली तर पायाला ती लागली.

हाताने बघितलं. तोंड भाताच्या राशीत होतं. गालाला, ओठांना भात चिकटलं होतं. मी ते काढत बसलो. हाक मारायचं नंतर सुचलं.

माझा चुलतभाऊ आला. माझ्याहून थोरला. भावकीत कोणी मेलं की पुढारपण त्याचं. बांबू कुठून तोडायचा, डोकं कुठल्या दिशेला, सगळं त्याला पाठ. त्याने नाडी बघितली, शेजाऱ्याने रिक्षा आणू म्हटलं त्याला नको म्हणाला, आणि ठाण्याला मुलाला फोन लावला. मुलगा येईपर्यंत थांबायचं ठरलं. तो चारच्या सुमाराला पोचणार होता.

मला तेव्हा एकच दिसत होतं, म्हणजे दिसत नव्हतं. डोळा मिटल्यापासून मी तिला धड बघितली नव्हती. शेकल्यावरच्या फटीतून कधी हात, कधी बांगडी. त्याआधी कधी बघितली ते आठवू लागलो तर काही येईना. संसारात बायकोचं तोंड कोण बघत बसतो? वाढते तेव्हा आपण ताटाकडे बघतो, भांडते तेव्हा दाराकडे. आवाज पक्का कानात होता, तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. फोटो म्हणाल तर फोटोला ती पदर पुढे ओढायची. आधार कार्डावर आहे, पण ती तीच आहे हे कार्डावर लिहिलंय म्हणून खरं मानायचं. मला तिचं तोंड एकदा बघायचं होतं, झाकायच्या आधी. बस. वेळ होता. पाणी तापवून शेकलं की फट पडणार होती.

पण मयताच्या घरात चूल पेटत नाही. प्रेत उठेपर्यंत आख्ख्या वाडीत पेटत नाही. आता घरोघर गॅस आलाय, पण चुलीचा नियम तोच गॅसला. मी शेजारच्या म्हातारीकडे माणूस पाठवला, तिने सांगितलं, असलं पाप मला सांगू नको. पाणी फक्त एकाच ठिकाणी तापत होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, तीन दगडांवर, तिच्या आंघोळीचं.

दुपारी तिची धाकटी बहीण आली. तुडीलला दिलेली. ती आली तशी रडली, आणि रडून झाल्यावर तिने बायकांचा ताबा घेतला. त्या पाण्याजवळ तीच बसली होती. लाकडं तडतडत होती, पाणी उकळतंय हे आवाजावरून कळत होतं. मी चाचपत गेलो.

"त्यातलं तांब्याभर दे गो."

"कशाला?"

"डोळा शेकतो. तिचं तोंड बघायचं हाय."

तिने एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "भावजी, हे तिचं पाणी हाय. मेलेल्याच्या पाण्यात जित्याने वाटा मागायचा नसतो. तेवढं तरी तिचं तिला राहू द्या."

मी तिथेच उभा राहिलो. वाफ तोंडावर येत होती, तेवढीच. मी वाकलो, वाफेत तोंड धरावं म्हणून. चुलतभावाने मागून दंड धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायको अंगणात पडलेय आणि ह्याला पुळी शेकायची हाय." कोणीतरी हसलं. मयताच्या घरी पण लोक हसतात, फक्त तोंड फिरवून हसतात. माझ्यासमोर तेवढं तोंड फिरवायचीही गरज नव्हती त्यांना.

मला ओट्यावर नेऊन बसवलं. मी बोटांनी पापणी वर उचलायचा प्रयत्न केला. ठणका मस्तकात गेला, आणि दिसलं ते लाल पाणी. त्या दुखण्याने डोळ्याला धार लागली. ते बघून कोणी म्हणालं, कसा रडतोय बिचारा. दुसरा म्हणाला, एकाच डोळ्याने रडतोय, अर्धंच दुःख हाय.

तिकडे बायकांनी तिला आंघोळ घातली. हिरवं लुगडं नेसवलं, हातभर बांगड्या भरल्या, ओटी भरली. नवऱ्याच्या आधी गेली, भाग्याची म्हणून. मी ऐकत होतो. एक म्हणाली, "नवरीवानी दिसते गो." दुसरी म्हणाली, "तोंडावर कसलं तेज हाय बघा." वाडीतली पोरंटोरं येऊन बघून गेली. जिच्याशी ही दहा वर्षं बोलत नव्हती तीसुद्धा बघून गेली, आणि माझ्याजवळून जाताना म्हणाली, झोपल्यासारखी वाटते. मी विचारलं, डोळे पूर्ण मिटलेत का? ती म्हणाली, हो, तुमच्यापेक्षा बरे मिटलेत.

मुलगा आला. आईच्या अंगावर पडून रडला. त्याला मोकळं होऊ दिलं आणि मग बाजूला बोलावलं. म्हटलं, अर्धा तास थांबव सगळ्यांना, तू सांगितलंस तर ऐकतील, तांब्याभर पाणी तापवून दे. तो दमलेला होता, गाडीत उभ्याने आला होता. म्हणाला, "बाबा, आता बघून काय करणार? इतकी वर्षं समोर होती." मी म्हटलं, मग तुझ्या मोबाईलवर फोटो काढ, डोळा उघडला की बघतो. त्याने मोबाईल काढला पण असावा. चुलतभावाचा आवाज आला, मेलेल्याचा फोटो काढायचा नाय, जीव अडकतो. मुलाने मोबाईल ठेवला. काका म्हणतील ते. शहरात राहिलेल्या माणसाला गावचे नियम मोडायची जास्त भीती वाटते.

मग मला कुंकू लावायला बोलावलं. नवऱ्याने शेवटचं कुंकू लावायचं असतं. बहिणीने माझं बोट धरून कुंकवात बुडवलं आणि पुढे नेलं. मी म्हटलं, सोड, मला सापडेल. तिने सोडलं. मी कपाळाच्या अंदाजाने टेकवलं. बायकांत कुजबुज झाली. बोट भुवईवर टेकलं होतं. बहीण म्हणाली, "हयातभर कधी नीट लावलं नाय, आज कुठून लागणार?" आणि पदराने पुसून तिने माझं बोट पुन्हा धरलं, पुन्हा लावून घेतलं. तेवढ्यात मी दुसरा हात तिच्या तोंडावरून फिरवला. थंड होतं. नाक, हनुवटी, गालावरचं हाड. हातात सगळं आलं, डोक्यात त्याचं तोंड काही झालं नाही. चुलतभाऊ म्हणाला, चला, अंधार व्हायच्या आत.

नदीवर मला मुलाच्या चुलतभावाने हाताला धरून नेलं. अग्नी मुलाने दिला. मला जवळच एका दगडावर बसवलं होतं. लाकूड सुकं होतं, एकदम पेटलं. लोक मागे सरकले, मला कोणी सरकवलं नाही, आणि मी सरकलो नाही. आच थेट तोंडावर येत होती. कपाळ तापलं, गाल तापला, पापणी तापली. ठणका आधी वाढला, सहन होईना एवढा वाढला, आणि मग पापणीत काहीतरी सुटलं. गालावरून जाडसर गरम ओघळलं. बोट लावून वास घेतला. पू.

सकाळी तिने शेकला तेव्हा फुटला नाही. संध्याकाळी शेकला तेव्हा फुटला.

डॉक्टरीण पुढे म्हणाली, गोळ्यांनी पिकतच आलं होतं, त्या दिवशी फुटणारच होतं, आगीचं काही मनात घेऊ नका. ती शिकलेली आहे, तिचं खरं असेल. मी तिथे बसलो होतो.

डोळा फटकन उघडला. पहिल्यांदा उघडला तो पूर्ण उघडला, धुरकट का होईना. समोर लाकडं होती आणि जाळ होता. तिच्या तोंडाच्या जागी एक मोठा ओंडका होता. नंतर तो पण नव्हता. बाजूला उभा असलेला कोणी म्हणाला, बघ, आता कसा टक लावून बघतोय. मी रात्री घरी आलो, बाहेरच आंघोळ केली, आणि ती होती त्या जागी लावलेल्या दिव्याकडे पाठ करून पडलो.

सकाळी उजाडलं ते मला दिसलं. अंगण दिसलं, भाताची रास दिसली, तिच्यात तिच्या तोंडाने पडलेला खळगा कोणी मोडला नव्हता. मी तो मोडला. भात गोणीत भरलं. आत आलो तर तिची बहीण दिव्यात तेल घालत होती. पाठमोरी. मान खाली, कान उघडा. लोक म्हणायचे, दोघी बहिणी एका साच्यातल्या.

मी म्हटलं, "दारात ये गो. उजेडात बस."

"का?"

"बस म्हटलं ना."

ती आली, उंबऱ्याजवळ बसली. मी समोर बसलो. म्हटलं, पदर मागे घे. तिला तेव्हा कळलं. मला वाटलं शिव्या देईल. तिने पदर मागे घेतला, केस कानामागे सारले आणि तोंड उजेडाकडे धरलं. ओठ दातात धरले होते. मी बघितलं. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, नाकाची बाजू. नाकाशी आलो तेव्हा काहीतरी आठवतंय असं वाटलं आणि गेलं. डोळ्यातून पाणी येत होतं, ते पुसून पुन्हा बघितलं. ती हलली नाही.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "सापडली?"

"नाय."

"ती माझ्याहून काळी होती. आणि हनुवटी बारीक होती तिची." मग म्हणाली, "बघा अजून."

मी अजून बघितलं. सूर्य वर आला, तिच्या तोंडावर पूर्ण ऊन पडलं, सुरकुती न् सुरकुती दिसली. सगळ्या तिच्याच होत्या, तुडीलवाल्या बाईच्या.

"ऊठ," मी म्हटलं. "तुझी गाडी चुकेल."